ट्रकवरचं आंबट सार

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे ईडन प्रेरीला राहायला आले. वेंगुर्ल्याच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथून ते थेट मिनेसोटात येऊन पडले आणि दुसऱ्याच थंडीत न्यूमोनियाने हॉस्पिटलात गेले. ताप उतरला, ऑक्सिजनची नळी निघाली, तरी जेवण काही जाईना. ट्रेमध्ये उकडलेली फरसबी यायची, बटाट्याचा लगदा यायचा, वाटीत सफरचंदाचा गोड लगदा यायचा. मी घरून मऊ वरणभात नेत होते. बाबा त्यातले चार घास खायचे आणि डबा हळूच बाजूला सारायचे.

"राहू दे गो बाय, नंतर खातो."

ते नंतर कधी यायचं नाही.

त्या मजल्यावर एक फिलिपिनो बाई कामाला होती. नर्सच्या हाताखालची मदतनीस. पेशंटना उठवून बसवणं, अंग पुसणं, भरवणं ही कामं तिच्याकडे होती. पन्नाशीची, ठेंगणी, चालताना बुटांचा चुईंचुईं आवाज करणारी. ती बाबांना 'ताताय' म्हणायची. त्यांच्या भाषेत ताताय म्हणजे बाबा. पण बाबांना ते 'तात्या' असं ऐकू आलं.

"बघ, ही आपल्याकडचीच असणार," ते मला म्हणाले. "मला तात्या म्हणते."

मी समजावून सांगितलं, तरी ते तिच्याशी मराठीतच बोलत राहिले. ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. दोघांचं बरं चाललं होतं. तुम्ही घरी काय खाता, असं तिनं एकदा त्यांना विचारलं, तर बाबांनी पांघरुणावरून हात वळवत मासा कसा पोहतो ते करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना विचारून आपल्या घरचं माशाचं आंबट सार थर्मासमधून घेऊन आली. तो म्हातारा जे खाईल ते खाऊ दे, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी ऑफिसातून पोचले तेव्हा सार संपलं होतं. थर्मासचं झाकण रिकामं होतं आणि बाबांच्या मिशीला भाताचं शीत चिकटलेलं होतं.

"किती दिवसांनी जेवलो," ते म्हणाले. घरी सोडेपर्यंत तिनं ते सार आणखी एकदा आणलं. तेव्हाही मी तिथं नव्हते. म्हणजे ज्या पदार्थानं पुढे आमच्या घरात एवढं रामायण घडवलं, त्याचा थेंबही माझ्या जिभेवर कधी पडला नाही.

बाबा घरी आल्यावर आठवडाभरानं मी मिठाईचा डबा घेऊन तिला भेटायला गेले. ती नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात, लेकीकडे, राहायला गेली होती. डबा मी त्या मजल्यावरच्या बाकीच्यांना देऊन आले.

घरी आल्यावर बाबा हळूहळू चालायला लागले, खिडकीशी बसून बर्फात अडकलेल्या गाड्यांची चित्रं काढायला लागले. जेवण मात्र सुधारलं नाही. मी काय काय केलं! एशियन दुकानातून फ्रोजन बांगडे आणून तिरफळं घालून तिखलं केलं. गावाहून आलेल्या एका काकूंकडून आमसुलं मिळवून सोलकढी केली. शनिवार-रविवार मी ओट्याशीच असायचे. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "छान झालंय." आणि ताटात निम्मं उरायचं. त्यांच्या पँटला पट्टा आवळून आवळून पुढे चुण्या पडायला लागल्या होत्या.

"काय खावंसं वाटतं तुम्हाला? सांगा ना," मी एकदा जरा चिडूनच विचारलं.

त्यांनी ताटातली शितं बोटानं कडेला सारली. मग म्हणाले, "त्या बाईच्या साराला चव होती."

खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. मी करत होते तो सगळा आईच्या हातचा स्वयंपाक होता, त्यांनी जन्मभर खाल्लेला. पण दुसऱ्याच दिवशी मी इंटरनेटवर शोधलं. साराचं नाव सिनिगांग. मासा, मुळा, वांगं, पालेभाजी आणि चिंच. चिंच तर घरातच होती. मी केलं. बाबांनी चमचाभर घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "हं. बरं झालंय." मला कळलं, ते हे नव्हे.

जूनमध्ये, लायब्ररीच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये दर शनिवारी बाजार भरायला लागला. भाज्या, मध, घरचे साबण आणि एका कडेला फूड ट्रकची रांग. त्या रांगेत मला तो पिवळा ट्रक दिसला. अंगावर रंगीबेरंगी जीपचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात 'फिलिपिनो किचन'. मी भाजी तिथंच एका टेबलावर ठेवली आणि घरी फोन केला.

"सगळे या. बाबांना घेऊन या. आत्ता."

नवरा, मुलगी आणि बाबा आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना सावलीत बाकावर बसवलं आणि खिडकीशी जाऊन पाटी वाचली. डुकराच्या मटणाचे टाको. चीज आणि मटण घातलेल्या फ्राइज. तळलेले रोल. जांभळं आइस्क्रीम.

माझा नवरा नागपूरचा. तो माझ्या खांद्यावरून पाटी वाचत म्हणाला, "यार, यात फिलिपिनो काय आहे?"

"द कलर ऑफ द आइस्क्रीम," मुलगी म्हणाली. ती सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

खिडकीत साठीकडे झुकलेला एक माणूस होता. डोक्यावर कॅप, गळ्यात नॅपकिन, चेहरा घामानं डबडबलेला. मी विचारलं, "सिनिगांग आहे?"

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "नो सूप, मॅम. उन्हाळा आहे ना. गरम सूप कोण पिणार?"

आम्ही मग जे होतं ते घेतलं. फ्राइज पाणी सुटून मऊ पडल्या होत्या. मटणावरचा सॉस गुळाच्या पाकासारखा गोड. रोल बाहेरून करपलेले आणि आत गार. मी आणि मुलगी तोंडं वाकडी करत खात होतो. बाबांनी मोजक्या फ्राइज खाल्ल्या, हात पुसले आणि म्हणाले, "चांगलं आहे हां." मला वाटलं, दुसऱ्याच्या देशात बसून कशाला नावं ठेवायची, असा त्यांचा विचार असेल.

मुलीनं सांगितलं की ट्रकचं वेळापत्रक त्यांच्या पेजवर असतं. तिनंच एकदा दाखवलं, 'आज मासा' असं त्यावर लिहिलं होतं. ट्रक त्या दिवशी माझ्या ऑफिसपासून जवळच एका ऑफिस पार्कमध्ये उभा राहणार होता. मी हाफ डे टाकला, घरी जाऊन बाबांना घेतलं आणि ड्राइव्ह करत तिथं पोचले. रांग बिल्डिंगच्या दारापर्यंत. ऊन कडक. मी बाबांना गाडीत एसी लावून बसवलं आणि रांगेत उभी राहिले. माझ्या पुढच्या माणसानं मासा मागितला. त्याला मिळाला. मी खिडकीशी आले तेव्हा त्या कॅपवाल्यानं पाटीवरचा 'मासा' शब्द बोटानं पुसला.

"सॉरी, मॅम. तो शेवटचा होता."

मग चिकन घेतलं. व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं, त्यांचं घरोघरी होणारं चिकन म्हणे. भात कडक, वरच्या शितांची तर पार कचरी झालेली. चिकन खारट. बाबा गाडीत मांडीवर डबा घेऊन काट्याशी झगडत होते. डॅशबोर्डवर भात सांडला. ते भात वेचायला वाकले, तेव्हा त्यांच्या मानेची हाडं मला दिसली.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"काही चांगलं नाहीये, बाबा!" मी ओरडले. मला त्या ट्रकचा एवढा राग आला होता, जणू त्या माणसानं मला शब्द दिला होता आणि मोडला होता.

संध्याकाळी मी मुलीला सांगितलं, "तुझं ते रिव्ह्यू का काय असतं ते लिही. एक स्टार दे." ती खुशीनं सोफ्यावर बसून लिहायला लागली. बाबांनी विचारलं, काय लिहिते? मी सांगितलं.

"त्याला काही बोललीस का तू?" त्यांनी मला विचारलं.

"काय बोलायचं?"

"हेच. भात कडक आहे म्हणून. त्याच्या तोंडावर बोलायचं सोडून गावभर कशाला सांगायचं?" मग नातीकडे वळून म्हणाले, "थांब गो. आधी मी जाऊन बोलतो."

"आजोबा, यू डोन्ट हॅव टू," ती म्हणाली, पण तिनं फोन खाली ठेवला.

पुढच्या शनिवारी बाबा खरोखरच गेले. मी बरोबर होते, पण त्यांनी मला मागे उभं राहायला सांगितलं. बाजार उठत आला होता, ट्रकपाशी कुणी नव्हतं. बाबांनी खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवले आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत सुरू केलं. भात कडक होता. मासा संपला होता. मी आजारी होतो. तुमच्याकडची एक बाई होती. तिनं मला आंबट सार दिलं. ती मला तात्या म्हणायची.

तो माणूस आधी हात बांधून ऐकत होता. मग त्यानं कॅप काढली आणि खिडकीतून खाली वाकला. "ताताय म्हणायची ती, ताताय," तो म्हणाला. "मग आता मीही तेच म्हणणार. ताताय, भाताबद्दल सॉरी. तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझी बायको ट्रकवर होती तेव्हा भात ती बघायची. आता ती रात्रपाळीची नोकरी करते, मी एकटा असतो."

मग तोच बोलायला लागला. ट्रक घेतला त्या पहिल्या वर्षी तो रोज सिनिगांग करायचा. नारळाच्या रसातला मासा करायचा. लोक खिडकीशी यायचे, वास घ्यायचे आणि शेजारच्या बर्गरकडे जायचे. संध्याकाळी पातेलंच्या पातेलं ओतून द्यावं लागायचं. मग त्यानं एकेक पदार्थ काढला आणि त्याच्या जागी एकेक असा घातला, जो लोकांना आधीच ठाऊक होता.

"हे सगळं तुम्ही खाता?" बाबांनी पाटीकडे बोट करत विचारलं.

तो हसला. "मी? मी घरी जाऊन भात आणि सुकी मासळी खातो."

सुकी मासळी म्हटल्यावर बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आमच्या टाउनहोममध्ये सुके बोंबील भाजायला मी बंदी केली होती. एकदा भाजले होते तर फायर अलार्म वाजला होता, आणि शेजारीण काळजीनं दार ठोठावत आली होती.

"तिच्या सारात आंबट काय होतं?" त्या माणसानं विचारलं. "चिंच? लिंबू?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना शब्द सापडेना. मग त्यांनी फळीवरचा कागदी नॅपकिन ओढला, खिशातलं पेन काढलं आणि भराभर रेघा मारल्या. एक झाडाचं खोड. फांदीला नाही तर खोडालाच लगडलेले घोस. बोटाएवढी फळं, कोवळ्या काकडीसारखी. मी ओळखलं. आमच्याकडे वेंगुर्ल्यात त्यांना बिंबलं म्हणतात. आई ती माशात घालायची, मीठ लावून उन्हात वाळवायची. हॉस्पिटलातल्या त्या सारात बिंबलं होती, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

त्या माणसानं नॅपकिन हातात घेतला आणि ओरडलाच. "कमियास! ताताय, आमच्या स्वयंपाकघराच्या मागे हे झाड होतं! आई मला वर चढवायची." त्यानं नॅपकिन स्टोव्हपासून लांब, मिठाच्या डब्याखाली ठेवला. "फ्रोजन मिळतात. सेंट पॉलला एक दुकान आहे. मी आणतो. पुढच्या शनिवारी तुमच्यासाठी सिनिगांग करतो."

पुढच्या शनिवारी वादळाचे सायरन वाजले आणि बाजार कॅन्सल झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर ट्रकची जागा रिकामी. जनरेटर बिघडला होता, असं पेजवर नंतर दिसलं. नवरा म्हणाला, "सोड ना यार आता." पण बाबा सोडायला तयार नव्हते. दर शनिवारी सकाळपासून त्यांची तयारी असायची.

अखेर एकदाचा तो दिवस आला. आम्हाला दुरून बघूनच त्यानं हात उंचावला. आम्ही दोघं बाकावर बसलो, आणि त्यानं वाफाळता वाडगा स्वतः खाली उतरून आणून बाबांच्या पुढे ठेवला. दुसरा मला. पातळसर सार, त्यात माशाचे तुकडे, मुळ्याच्या चकत्या, लांब हिरवी मिरची आणि तळाशी ती बिंबलं, शिजून मऊ, फिकट हिरवी. मी एक चमचा घेतला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत आंबट झिणझिण्या गेल्या. डोळ्यांत पाणी आलं. इतकं आपलं काहीतरी मी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं. मला वाटलं, सुटलो, झालं एकदाचं.

बाबांनी चमचा तोंडात घातला. थांबले. आणखी एक घेतला.

तो माणूस ट्रकच्या पायरीवर उभा राहून बघत होता. "ताताय? तसंच आहे?"

बाबांनी मान हलवली. नाही.

तो वाडगा घेऊन आत गेला. खिडकीतून मला दिसत होतं, त्यानं चव घेतली, मीठ टाकलं, वर लिंबू पिळलं. पुन्हा आणून दिलं. बाबांनी पुन्हा घेतलं, आणि या वेळी मान हलवायच्या आधीच त्यांचा चेहरा असा झाला की त्या माणसानं काही विचारलंच नाही. एवढा वेळ केलेलं सगळं, सेंट पॉलला जाणं, पहाटे उठून मासा साफ करणं, वाया गेल्यासारखे त्याचे खांदे पडले. खिडकीशी गिऱ्हाइकं होती. त्यांचं उरकून येतो म्हणाला.

मला बाबांचा राग आला होता. एवढं कुणी आपल्यासाठी केलं तर एक 'चांगलं आहे' म्हणायला काय हरकत होती? माझ्या प्रत्येक पदार्थाला तर म्हणत आले होते. पण तिथं बोलायला नको म्हणून मी उठले आणि पाण्याच्या बाटल्या आणायला पलीकडच्या स्टॉलवर गेले.

परत आले तेव्हा तो माणूस बाबांच्या शेजारी बाकावर बसला होता. बाबांची माझ्याकडे पाठ होती. ते हळूहळू, शब्द जुळवत इंग्रजीत बोलत होते.

"सूप गुड. युवर सूप गुड. माय टंग बॅड." त्यांनी आपल्या जिभेला बोट लावलं. "नो टेस्ट. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून. एव्हरीथिंग लाइक आयर्न. खिळा, खिळा चोखल्यासारखं. माय डॉटर नॉट नोइंग. शी कुकिंग, कुकिंग, एव्हरी डे कुकिंग. प्लीज, नॉट टेलिंग हर."

मी बाटल्या घेऊन तिथंच उभी राहिले. त्या माणसानं मला पाहिलं होतं. पण त्यानं बाबांना तसं काही दाखवलं नाही. नॅपकिननं मान पुसत तो म्हणाला, "ताताय, माझी आई तिकडे होती आणि मी इकडे. मी रोज व्हिडिओवर विचारायचो, काय जेवलीस? ती सांगायची, आज मासा केला, फार छान झाला. ती गेल्यावर बहिणीनं मला सांगितलं, शेवटचं वर्षभर ती पेजेशिवाय काही घेतच नव्हती. तिनं मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक काही नाही. पण मला कळायला हवं होतं." मग त्यानं बाबांच्या हातावर हात ठेवला. "तुमची मुलगी मागे उभी आहे. तिला सांगा."

बाबांनी वळून पाहिलं. शाळेतल्या एखाद्या पोराची कॉपी पकडली जावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"कधीपासून, बाबा?"

"ऐकलंस ना."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू गो बाय? तू ऑफिस करून येतेस, मग बांगडे साफ करत उभी राहतेस. तुझी आई करायची तसंच करतेस, वाससुद्धा तसाच येतो. वास येतो मला. तोंडात घातलं की काही नाही. ते तुझ्या तोंडावर कसं सांगू?" त्यांनी पुढ्यातला वाडगा जरा बाजूला सारला. "त्या बाईचं सार शेवटचं लागलं होतं. म्हणून म्हटलं, तेच पुन्हा मिळालं तर कदाचित लागेल."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. इतके महिने मी त्या बाईच्या हाताशी मनातल्या मनात स्पर्धा करत होते, आणि तिच्या सारात वेगळं काही असलंच तर एवढंच होतं की ते बाबांनी चव जायच्या आधी खाल्लं होतं. त्या माणसानं उठून माझा निम्मा राहिलेला वाडगा पुन्हा भरून आणला. "तुम्ही तरी खा," तो म्हणाला. "कुणीतरी खाल्लं पाहिजे."

सोमवारी मी बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. हॉस्पिटलातून सोडताना बाबांना रक्तदाबाची नवी गोळी सुरू केली होती. काही जणांच्या तोंडाची चव त्या गोळीनं जाते, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी गोळी बदलली. आणि बदलूनही सगळं परत येईलच असं नाही, वय आहे, आजारही मोठा होता, हेही स्पष्ट सांगितलं. बाबांना मी ते जसंच्या तसं सांगितलं. आता आमच्यात लपवायचं नाही, असं ठरलं होतं.

काही आठवडे काहीच फरक पडला नाही. मी स्वयंपाक साधाच करायला लागले. बाबा ताटावर बसून खरं खरं सांगायचे, "आज काही नाही." ऐकायला वाईट वाटायचं, पण 'छान झालंय'पेक्षा ते बरं होतं. मुलगी रोज रात्री जेवताना विचारायची, "आजोबा, एनीथिंग?" एकदा त्यांनी तिच्या पानातला लोणच्याचा खार बोटावर घेऊन चाटला आणि म्हणाले, "मीठ लागतंय." ती उडी मारून उठली. मग काही दिवसांनी सकाळच्या चहाला, "आज साखर जास्त पडलीय." माझ्या नवऱ्यानं तो चहा केला होता. शिव्या खाऊन एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

सप्टेंबरात आम्ही सगळे पुन्हा ट्रकवर गेलो. पाटीवर आता टाको आणि फ्राइजच्या खाली खडूनं 'सिनिगांग' लिहिलेलं होतं. मधल्या काळात त्यानं ते दर शनिवारी थोडं थोडं करायला सुरुवात केली होती. हॉस्पिटलातली फिलिपिनो मंडळी ऐकून ऐकून यायला लागली होती. आम्ही पोचलो तर निळ्या युनिफॉर्ममधल्या बायका झाडाखाली वाडगे घेऊन मोठमोठ्यानं गप्पा मारत बसल्या होत्या. बाबा त्यांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत चालले. ती त्यांच्यात नव्हती.

खिडकीशी गेलो तर त्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला. पातेलं रिकामं होतं. तळाला मुळ्याची एक चकती चिकटली होती.

"ताताय! मी तुमच्यासाठी ठेवायला हवं होतं!"

"अरे देवा," माझा नवरा म्हणाला आणि हसत सुटला. मग आम्ही सगळेच हसलो. बाबा हसत नव्हते. ते खरोखर खट्टू झाले होते. त्यांच्यासमोर पुन्हा त्याच मऊ फ्राइज आणि तेच गोड मटण आलं. ते खाताना त्यांनी आम्हाला एकेक ऐकवायला सुरुवात केली. हे मटण आहे की मुरंबा? या बटाट्याला कुणी पाण्यात बुडवलंय? रोलमध्ये कोबी कच्चा, आणि वर तेल. मुलगी फोनवर टाइप करण्याचं सोंग करत म्हणाली, "स्लो डाऊन, आजोबा, मी लिहितेय." अर्धं का होईना, चक्क मराठीत म्हणाली.

ट्रक ऑक्टोबरात बंद होतो. इकडे बर्फ पडायला लागल्यावर पार्किंग लॉटमध्ये कोण उभं राहणार? तो म्हणाला होता की हिवाळाभर एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम मिळालंय, पुढच्या उन्हाळ्यात ट्रक काढायचा की विकायचा ते बायकोशी बोलून ठरवणार आहे. शेवटच्या शनिवारी आम्ही सकाळीच गेलो, कोट-टोप्या घालून. वारा सुटला होता, झाडांची पानं बाकांवर येऊन पडत होती. या वेळी सार होतं. त्यानं बाबांचा वाडगा काठोकाठ भरला आणि माशाचं डोकं त्यांना दिलं. डोकं मानाच्या पाहुण्याला देतात म्हणाला. आमच्याकडेही तसंच, बाबा म्हणाले.

ते दोन्ही हातांनी वाडगा धरून, टोपी कपाळावर सरकवून, सावकाश जेवले. डोक्यातलं सगळं नीट चोखून काढलं आणि काटे कागदावर एका ओळीत मांडले. घाम आला म्हणून मफलर काढला. मी तो त्यांच्या गळ्याभोवती परत गुंडाळला.

"तिचं होतं तसं लागतंय का?" मी न राहवून विचारलं.

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. तळातलं एक बिंबल चमच्यात घेऊन तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं.

"तिचं कसं होतं ते आता मला नीट आठवत नाही," ते म्हणाले. "पण हे आंबट आहे. चांगलं आंबट आहे. त्याला विचार, अजून थोडं आहे का, आणि तुझ्यासाठीही घे."

मी वाडगे घेऊन खिडकीशी गेले.